दवाखान्यातून घरी आणल्यानंतरचं वर्ष : आत्याचं आजारपण, आशाताई आणि तहसीलचे कागद

घरात कुणाला अर्धांगवायूचा झटका आला की पहिले काही दिवस सगळं लक्ष दवाखान्याकडे असतं. डॉक्टर असतात, सिस्टर असतात, सलाइन चालू असतं. घरी आणलं की सगळं एकदम आपल्या अंगावर येतं. गोळ्या, व्यायाम, अंघोळ, लघवी, आणि त्याच्याच जोडीला दाखले, अर्ज, पेन्शन, बँक. दवाखान्याला पेन्शनचं काही माहीत नसतं आणि तहसीलला आजाराचं. मधला सांधा कुणाला तरी जुळवावा लागतो. माझ्या आत्याच्या बाबतीत तो जुळायला जवळजवळ वर्ष गेलं. सोलापुरात किंवा आसपास कुणी याच घोळात अडकलं असेल तर वाट थोडी सोपी व्हावी, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे.

आत्या 56 वर्षांची. विधवा, मूलबाळ नाही. कुंभारीच्या विडी घरकुलात एकटी राहते, रेशन कार्डही स्वतंत्र. लग्नाआधीपासून विड्या वळत आली. मी अशोक चौकाजवळ राहते, एका चादरीच्या दुकानात हिशेब बघते.

9 डिसेंबर 2024, सोमवार. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचला विड्या द्यायला जायची वेळ झाली तरी आत्याचं दार उघडेना, म्हणून शेजारच्या काकूंनी आत जाऊन पाहिलं. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलता येत नव्हतं. काकूंनी आणि गल्लीतल्या पोरांनी रिक्षात घालून अक्कलकोट रोडवरच्या जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. मी पोचेपर्यंत सीटी स्कॅन झाला होता. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि माणूस झोपेतच गेला असेल तर वेळ मोजतात ती शेवटचं धडधाकट पाहिल्यापासून. काकूंनी तिला रात्री नऊला पाहिलं होतं. त्यामुळे तो रस्ता बंद झाला होता.

तिथे डिपॉझिट मागितलं. तो दवाखाना सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नव्हता. अर्ध्या दिवसाचं बिल 11,400 रुपये झालं, आणि दुपारी आम्ही तिला सिव्हिलला हलवलं. निघताना सीटीची फिल्म हातात द्यायला तिथले लोक तयार नव्हते. मी अडून बसले, तेव्हा मिळाली. ही फिल्म आणि रिपोर्ट सोडू नका. पुढे अपंगत्वाच्या तपासणीपर्यंत तोच कागद कामाला आला. आणखी एक: 108 ची ॲम्ब्युलन्स फुकट असते. रिक्षात आडवं-तिडवं घालून नेण्यापेक्षा तिला फोन करा, आणि दवाखान्यात पाऊल टाकताच विचारा, ‘महात्मा फुले योजना आहे का?’

सिव्हिलमध्ये आरोग्यमित्राच्या (या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर रेशन कार्ड आणि आधार दिलं. ही योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी नावाने आधी आठच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. म्हणून आपल्याकडे अजून सगळे ‘जीवनदायी’च म्हणतात. 1 जुलै 2024 पासून कार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधारवरचं आणि रेशन कार्डावरचं नाव जुळतं का, एवढं आधी बघून ठेवा.

वॉर्डातले पहिले दिवस मला नीट आठवतही नाहीत. आठवतं ते आत्याचं बोलणं. चौथ्या दिवशी तिच्या तोंडून एक शब्द फुटला: ‘हजार’. पाणी हवं तरी हजार, कूस बदलायची तरी हजार, मला हाक मारायची तरी हजार. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की उजवं अंग जातं आणि बोलण्यावरही परिणाम होतो. समजतं बरंचसं, पण हवा तो शब्द सापडत नाही, एकच शब्द पुन्हापुन्हा येतो. आयुष्यभर दर हजार विड्यांमागे मजुरी मोजत जगलेल्या बाईच्या तोंडी नेमका तोच शब्द राहिला. मी वॉर्डाबाहेर जाऊन रडले. नंतर एका वहीत ग्लास, गोळी, संडास, उशी अशी चित्रं काढली आणि ती बोटाने दाखवायला लागली. ही चित्रवही करायला काही खर्च नाही, पहिल्याच आठवड्यात करा.

डिस्चार्जची चर्चा सुरू झाली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या सुनेने सांगितलं, ‘समाजसेवा अधीक्षक मॅडमना भेटून या.’ सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात असं पद असतं हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटलं, फार तर औषधाला मदत मिळेल. मॅडमनी पैशाचं काही विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘घरी गेल्यावर पेशंट कुठल्या पत्त्यावर राहणार?’

मी म्हटलं, माझ्याकडे, अशोक चौकात. त्या म्हणाल्या, ‘विचार करून सांगा ताई. आशा वर्कर येते ती माणूस राहतो तिथली. पेन्शनचा अर्ज जातो तो कागदावरच्या पत्त्याच्या तहसीलला. तुमच्या आत्याचे सगळे कागद कुंभारीचे, म्हणजे दक्षिण सोलापूरचे. तुमच्याकडे नेलंत तर आरोग्याचं एकीकडे आणि कागदांचं दुसरीकडे होईल. तलाठी चौकशीला आला आणि घराला कुलूप दिसलं तर अर्ज तिथेच लटकेल.’

एवढी साधी गोष्ट, पण त्याआधी कुणी बोललं नव्हतं. घरी दोन दिवस चर्चा केली. माझ्या दोन खोल्या जिन्यावर आहेत, आत्याचं घर तळमजल्यावर. काकू दिवसभर शेजारी विड्या वळत बसतात, हाकेच्या अंतरावर. महिना 3,000 रुपये ठरवून त्यांनी दिवसभर लक्ष ठेवायचं आणि रात्री मी किंवा माझा भाऊ राहायचं, असं ठरलं. आत्याला तिच्याच घरी ठेवलं, हा आमचा या सगळ्यातला सर्वांत चांगला निर्णय होता.

दुसरी गोष्ट मॅडमनी सांगितली, तीही तितकीच मोलाची. मी अपंगत्वाच्या दाखल्याचं विचारलं, तर म्हणाल्या, ‘अर्धांगवायूत साधारण सहा महिने थांबतात. तोवर जेवढं सुधारायचं तेवढं सुधारतं, मग टक्के ठरवतात. पण पेन्शनसाठी तुम्ही कशाला थांबता? त्या विधवा आहेत. संजय गांधी निराधार योजनेत विधवा म्हणून आत्ताच अर्ज करा. दाखला मिळाला की दिव्यांग म्हणून नोंद बदलून घ्या.’ एका कागदावर त्यांनी क्रम लिहून दिला: आधी आशा, मग उत्पन्नाचा दाखला, मग निराधारचा अर्ज, जूनमध्ये अपंगत्व तपासणी, शेवटी ग्रामपंचायत. तो कागद मी फाइलच्या पहिल्या पानावर लावला आणि वर्षभर तसाच ठेवला.

24 डिसेंबरला डिस्चार्ज. त्याआधी दोन दिवस सिस्टरांकडून सगळं शिकून घेतलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. लुळ्या हाताला धरून ओढून उठवायचं नाही, खांदा निखळतो. भरवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, नाही तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. हे सगळं सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून बघा. नुसतं ऐकलेलं घरी गेल्यावर आठवत नाही.

हवेची गादी 2,800 रुपयांना घेतली. खाट काकूंच्या ओळखीतून मिळाली. फिजिओथेरपिस्ट घरी येत, एका खेपेचे 300 रुपये घेत. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, मार्चनंतर एकदाच, कारण तेवढेच परवडत होते. मधल्या दिवशी आम्ही करून घ्यायचो. त्यांनी युक्ती चांगली काढली. आत्याचं विड्या वळायचं सूप मांडीवर ठेवायचं, त्यात शेंगदाणे पसरायचे आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने एकेक उचलायचा. चेंडू दाबायला ती कंटाळायची, सूप दिसलं की मात्र हात आपोआप पुढे यायचा. जानेवारीत एकही दाणा उचलत नव्हता. एप्रिलमध्ये एक उचलला, मूठभर राहिले सुपात, पण तो एक तिने मला उचलून दाखवला आणि स्वतः खाल्ला.

आशाताई डिसेंबरअखेरीस पहिल्यांदा आल्या. त्यांना आत्याच्या दवाखान्याची काहीच खबर नव्हती, ती द्यायची पद्धतच नाही. मी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घेऊन उपकेंद्रात गेले तेव्हा कळलं. पण एकदा कळल्यावर त्यांनी मनापासून केलं. बीपी मोजून वहीत लिहायच्या, बीपीच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या उपकेंद्रातून महिन्याच्या महिन्याला फुकट आणून द्यायच्या. बाहेर त्याच गोळ्यांना मला महिना सातशेच्या वर लागत होते. फेब्रुवारीत आत्याच्या माकडहाडाजवळ कातडी लाल झाली, तर तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी ई-संजीवनीवर (सरकारच्या ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याच्या सेवेवर) मोबाइलमधून डॉक्टरांना जखम दाखवली. रिक्षाचे पैसे आणि आत्याचे हाल, दोन्ही वाचले. आठ दिवसांत लाली गेली.

मला राहूनराहून वाटतं, डिस्चार्ज कार्डावर ‘पेशंटच्या भागातल्या आशांना कळवलं’ अशी एक ओळ असायला काय हरकत आहे? केरळात 2008 साली राज्याचं पॅलिएटिव्ह केअरचं (गंभीर, दीर्घ आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) धोरण झालं आणि पंचायतींच्या पैशातून नर्स घरोघरी अंथरुणावरच्या रुग्णांकडे जायला लागल्या. तिथे आरोग्य केंद्र आणि पंचायत एकाच रुग्णाचं काम मिळून बघतात. आपल्याकडे माणसं आहेत, योजना आहेत, पैसाही येतो. एकाने दुसऱ्याला कळवायचं तेवढं राहतं, आणि ते आजाऱ्याच्या घरच्यांच्या पायांवर पडतं. ज्याच्या घरी पळणारं कुणी नाही त्याचं काय होत असेल, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

आता कागद. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज जानेवारीत सेतूमध्ये दिला. नेमकी सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची गर्दी, होम मैदानाच्या बाजूचे रस्ते बंद, त्यामुळे शहरात कामं असतील तर संक्रांतीचे दिवस टाळा. भोगीला आत्याने आजारानंतर पहिल्यांदा भाकरी खाल्ली, भोगीच्या भाजीत कुस्करून, मऊ करून. तोवर सगळं पेजेवर चाललं होतं.

निराधार योजनेत विधवेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागतं, दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे. वय 65 च्या आत हवं, त्यानंतर श्रावणबाळ योजना. महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, आधार, वयाचा पुरावा, आधारशी जोडलेलं बँक खातं. आत्याची मजुरी बंद झाल्याचं तलाठ्यांना समजावून सांगावं लागलं. डिस्चार्ज कार्ड आणि ब्रँचकडून ‘डिसेंबरपासून काम बंद’ असं लिहून आणलेलं पत्र जोडलं, तेव्हा अहवाल झाला. ब्रँचच्या वहीत आत्याचं नाव वेगळं आणि आधारवर वेगळं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. विडी कामगार बायकांच्या घरी हे फार होतं. पीएफमध्येही तेच नाव अडतं, तेव्हा घरातली माणसं धडधाकट असतानाच नावं एक करून घ्या.

अर्ज 31 जानेवारीला दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तालुका समितीच्या बैठकीत एप्रिलमध्ये मंजुरी झाली. महिना 1,500 रुपये.

पैसे मात्र येईनात. खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, आणि हे अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यातच येतं. बँकेत गेले तर पेशंटला समक्ष आणा म्हणाले. उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात, आत्याला रिक्षाने नेलं. उजव्या हाताचा अंगठा धरवेना, डाव्या हाताचा मशीन वाचेना. पान आणि तंबाखू चोळून विडीवाल्या बायकांच्या बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या असतात. काउंटरवरच्या माणसाने तिला नाव विचारलं, ती म्हणाली, ‘हजार.’ तो म्हणाला, यांना समजत नाही, खातं असं चालवता येणार नाही. आत्याला सगळं समजत होतं. तिने मान खाली घातली. त्या माणसाचं मला अजून वाईट वाटतं, पण त्याहून जास्त त्या मान खाली घालण्याचं.

यावर उपाय आहे आणि तो लेखी आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये सगळ्या बँकांना परिपत्रक काढलं आहे: 70 वर्षांवरचे ज्येष्ठ आणि वैद्यकीय दाखला असलेले दीर्घ आजारी किंवा अपंग ग्राहक यांना घरी येऊन मूलभूत सेवा द्यायची. मी शाखा व्यवस्थापकांच्या नावे साधा अर्ज केला, परिपत्रकाचा उल्लेख केला, डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचं पत्र जोडलं, पोच घेतली. पुढच्या आठवड्यात एक मुलगी मशीन घेऊन घरी आली. डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवली, पाच मिनिटांचं काम. जूनमध्ये आधीच्या महिन्यांचे पैसे मिळून जमा झाले. त्या दिवशी आत्याने पासबुक डाव्या हाताने बराच वेळ धरून ठेवलं.

जूनमध्येच सहा महिने भरले. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा असतो, त्याला फी नाही. मी सायबरवाल्याला स्कॅनिंगसकट 100 रुपये दिले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. अर्धांगवायूने हात-पाय गेले तर ते चलनवलनाच्या अपंगत्वात येतं. तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर जा, पाणी, डबा, जास्तीचं डायपर आणि सीटीची फिल्म सोबत ठेवा. डॉक्टरांनी हात उचलायला, चालायला, बटण लावायला लावलं. आत्या डाव्या हातात काठी घेऊन चार पावलं चालली. दाखला 60 टक्क्यांचा आला, कायमस्वरूपी. तुमच्या दाखल्यावर तात्पुरतं लिहिलं असेल तर मुदत संपायच्या आधी पुन्हा तपासणी करावी लागते, तेव्हा हे तिथेच वाचून घ्या. टक्के 40 किंवा त्याहून जास्त असतील तरच बहुतेक योजना लागू होतात. दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, ऑगस्टमध्ये पोस्टाने आलं. 40 ते 79 टक्क्यांना पिवळं, 80 आणि त्यापुढे निळं. कार्ड येईपर्यंत थांबू नका, दाखला पोर्टलवरून उतरवून घेता येतो.

तो दाखला लावून तहसीलमध्ये विधवाऐवजी दिव्यांग अशी नोंद बदलण्याचा अर्ज दिला. योगायोग असा की सरकारने ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान 1,500 वरून 2,500 केलं. आत्याला वाढीव रक्कम नोव्हेंबरमध्ये मिळाली. काकूंचे पैसे आता बरेचसे त्यातूनच निघतात. एसटीत 75 टक्के सवलत आहे, पण आत्या अजून एसटीत चढू शकत नाही.

ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. हा निधी मागितल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. संडासच्या खुर्चीसाठी ग्रामसेवकांकडे अर्ज दिला आहे, कार्डाची झेरॉक्स जोडून. आशाताईंनी स्वतःहून सोबत येऊन सांगितलं की पेशंट त्यांच्या यादीतली आहे. 2024 च्या डिसेंबरात त्यांना आत्या आजारी आहे हेही माहीत नव्हतं.

पीएफचं अजून बाकी आहे. नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शन मिळू शकते, त्यासाठी 10-डी फॉर्म भरला आहे, नावाचं प्रतिज्ञापत्र लावून. निराधार योजनेचा हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, त्याची तारीख काकूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे. आत्या आता ‘पाणी’, ‘नको’ आणि माझं नाव म्हणते. हजारही म्हणते, पण विड्यांचं सूप मांडीवर असलं की. समाजसेवा अधीक्षक मॅडमना नोव्हेंबरमध्ये जाऊन सांगून आले. त्यांच्या टेबलासमोर तेव्हाही एक मुलगा आईचं डिस्चार्ज कार्ड घेऊन उभा होता. मॅडम त्याला विचारत होत्या, घरी कुठल्या पत्त्यावर नेणार.